पिशवीतली फाइल

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळासाठी काय करायला हवं, हे वैद्यकशास्त्राला आज नेमकं ठाऊक आहे. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व वाचा-उपचार, हे वेळापत्रक जगभर मान्य आहे. घाई अशासाठी की, बोली कानावर पडून मेंदूत रुजण्याचा काळ आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांचाच असतो. तो हातचा गेला की नंतर कितीही चांगलं यंत्र लावलं तरी तूट पुरती भरून निघत नाही. (खुणांची भाषा ही पूर्ण भाषाच आहे, आणि ती निवडणाऱ्या कुटुंबालाही माहिती आणि साथ तितक्याच लवकर मिळायला हवी.) यंत्राने भागत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांट करता येतं. त्याचा खर्च लाखांत जातो, पण केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र मुलांना ते मोफत मिळू शकतं. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांपर्यंतची आहे, आणि या कामाची सूत्रं मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेकडे आहेत. म्हणजे ज्ञान आहे, शल्यचिकित्सक आहेत, पैशाची तरतूदही आहे. पण शस्त्रक्रिया काही तासांत उरकते आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. यंत्र मुलाच्या कानाला जुळवून घेण्यासाठी वारंवार मॅपिंग लागतं, वाचा-उपचार वर्षानुवर्षं चालतात, घरी रोज सराव करून घ्यावा लागतो, वायर तुटते, बॅटरी संपते, आणि हे सगळं समजून घेणारी अंगणवाडी किंवा शाळा शोधावी लागते. यातली एक कडी निसटली तर लाखो रुपयांचं यंत्र कपाटात पडून राहतं आणि मूल आहे तिथेच थांबतं.

आता या कड्या कोणाकोणाच्या हाती आहेत ते पाहू. नवजात बाळाची तपासणी ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं त्याची. निदान सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाचं. योजना केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, शाळा शिक्षण विभागाची. दिव्यांगत्वाचा दाखला सिव्हिलमधल्या तपासणीनंतर मिळणार, आणि राज्यात २०२२च्या डिसेंबरात स्थापन झालेला दिव्यांग कल्याण विभाग आणखी वेगळा. यातलं प्रत्येक दार आपापल्या जागी योग्यच आहे. प्रत्येक दारात मुलाचा एक तुकडा पाहिला जातो, एक कागद लिहिला जातो आणि पुढच्या दाराकडे बोट दाखवलं जातं. या सगळ्यांना जोडणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे केसपेपर, रिपोर्ट आणि दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन फिरणारी आई. तिला हे काम कोणी शिकवलेलं नाही, त्याचा मोबदला नाही, आणि तिच्याकडून काही राहून गेलं तर ‘पालकांनी पाठपुरावा केला नाही’ असा शेरा मात्र तयार असतो. माझं म्हणणं असं आहे की, ही जोडणी म्हणजे उपचारांभोवतीची किरकोळ धावपळ नव्हे. ती उपचाराचाच भाग आहे, आणि म्हणून ती पगारी, प्रशिक्षित आणि नाव घेऊन जिला विचारता येईल अशा व्यक्तीची ठरलेली जबाबदारी असायला हवी.

फक्त ऐकू न येणारीच नव्हे, तर अशी अनेक दारं हिंडावी लागणारी मुलं किती, हा प्रश्न लगेच येतो. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीतून त्याचं पूर्ण उत्तर मिळत नाही. १९९८ साली अमेरिकेत या मुलांची जी व्याख्या केली गेली, ती मला सर्वांत उपयोगाची वाटते. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, विकासाची, वर्तनाची किंवा भावनिक अडचण असलेलं, अथवा ती होण्याचा धोका अधिक असलेलं, आणि त्यामुळे इतर मुलांपेक्षा अधिक किंवा वेगळ्या सेवा लागणारं मूल म्हणजे विशेष आरोग्य-गरजा असलेलं मूल. या व्याख्येत आजाराच्या नावापेक्षा सेवेची गरज महत्त्वाची ठरते. त्यामुळे तिच्यात सेरेब्रल पाल्सीचं मूल येतं तसंच टाइप वन मधुमेहाचं, सिकलसेलचं, थॅलेसेमियाचं, फिट्स येणारं आणि स्वमग्न मूलही येतं. भारतापुरतं बोलायचं तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली. दृष्टी, श्रवण, वाचा, बुद्धी, फिट्स, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता अशा नऊ मज्जाविकासात्मक विकारांपैकी किमान एक असलेल्या मुलांचं प्रमाण १२ टक्क्यांच्या जवळ निघालं, आणि त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्याला एकापेक्षा अधिक विकार होते. म्हणजे आठ-नऊ मुलांमागे एक. हा काही मोजक्या दुर्दैवी घरांचा प्रश्न उरत नाही. जवळपास प्रत्येक वर्गात, प्रत्येक वाडीत तो आहे.

एकापेक्षा अधिक अडचणी असणं म्हणजे काय, ते डाउन सिंड्रोमवरून चांगलं कळतं. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयात जन्मतः दोष असतो. त्यांच्यात थायरॉइड कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे, कानात पाणी साचून ऐकू कमी येणं नेहमीचं आहे, आणि डोळ्यांचे दोषही वारंवार आढळतात. आता समजा मूल बोलत नाही. हृदयाचा डॉक्टर सांगतो की हृदय ठीक आहे. वाचा-उपचार देणाऱ्याला वाटतं, मूल मुळातच मंद आहे. कान तपासायला हवेत हे कोणाच्याच कागदावर नसतं, थायरॉइडची तपासणी दोन वर्षांपूर्वी झालेली असते आणि तो रिपोर्ट दुसऱ्या शहरात राहिलेला असतो. इथे कोणाही एका डॉक्टरची चूक दाखवता येत नाही, कारण प्रत्येकाने आपलं काम नीट केलेलं आहे. सगळी फाइल एकत्र वाचणं हे काम मात्र कोणाचंच नव्हतं. यात गेलेलं वर्ष मुलाला परत मिळत नाही.

आपल्याकडे काहीच झालेलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघरला झाली. जन्मजात व्यंगं, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब अशा चार गटांतल्या, सुरुवातीला तीस, अवस्था जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत शोधायच्या, अशी त्याची आखणी आहे. आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असलेलं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं, आणि संशयित मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. त्या केंद्राची कल्पना तर उत्तमच आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, नेत्रतपासनीस, विशेष शिक्षक, सामाजिक कार्यकर्ता असे सगळे एका छताखाली असावेत, असं कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया, दुभंगलेले ओठ, वाकडी पावलं यांच्या बाबतीत या कार्यक्रमाने खरोखर मोठं काम केलं आहे, आणि ते का जमलं हेही उघड आहे. तिथे एक शस्त्रक्रिया किंवा ठरावीक मुदतीचे उपचार असतात, त्यांचा खर्च ठरलेला असतो आणि शेवट दिसतो. ज्या मुलांना वर्षानुवर्षं, आठवड्यातून दोनदा थेरपी लागते, त्यांच्या वाट्याला मात्र ‘रेफर’ हा शब्द येतो आणि त्यापुढची ओळ कोरी राहते. रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तालुक्याहून जिल्ह्याला दर आठवड्याला जायचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी तिच्या हिशेबात बसत नाही.

शिवाय शोधण्याच्या या रीतीतही एक मोठी फट आहे, आणि ती महाराष्ट्राच्या मातीतलीच आहे. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर भागांतल्या ऊसतोड टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. पथक अंगणवाडीत येतं तेव्हा त्यांची मुलं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असतात. फिट्सचं औषध रोज, न चुकता घ्यावं लागतं, पण सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या संपतात त्या दुसऱ्याच जिल्ह्यात, जिथे या मुलाचा केसपेपर नाही. औषध तुटलं की फिट्स पुन्हा सुरू होतात, पुष्कळदा अधिक जोराने. दुसरी फट शाळेची. ज्या मुलाला सर्वाधिक मदत हवी, ते बहुधा शाळेत जातच नाही, आणि शाळेतल्या तपासणीत ते सापडत नाही. या दोन्ही ठिकाणी नवा दवाखाना बांधून उपयोग नाही. टोळी निघण्यापूर्वी तीन महिन्यांची औषधं बांधून देणारं, कारखान्याच्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करणारं, घरी बसलेल्या मुलाचं नाव गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकापर्यंत पोहोचवणारं माणूस हवं.

अशा माणसाने खरंच फरक पडतो का, याचा पुरावा आहे. या मुलांच्या सगळ्या नोंदी एका जागी असाव्यात आणि ती जागा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे असावी, ही सूचना अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ सालीच केली होती. पुढे त्या कल्पनेत नोंदींबरोबर जबाबदारीही आली: मुलाचं एक कायमचं वैद्यकीय घर असावं, बाकीचे तज्ज्ञ त्या घराशी बोलत राहावेत. या कल्पनेची कसून परीक्षा ह्यूस्टनमध्ये झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. गुंतागुंतीचे दीर्घ आजार असलेल्या २०१ मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखी सेवा मिळाली. दुसऱ्याला असा दवाखाना मिळाला, जिथे रात्री-अपरात्रीही मुलाला ओळखणारं माणूस फोनवर भेटे, त्याच दिवशी तपासणी होई आणि तज्ज्ञ डॉक्टर तिथेच येत. मृत्यू, अतिदक्षता विभागात दाखल होणं किंवा आठवड्याहून अधिक काळ रुग्णालयात राहणं यांना गंभीर आजार धरलं, तर त्याचं प्रमाण दर शंभर बालवर्षांमागे २२वरून १०वर आलं. खर्चही दर मुलामागे वर्षाला सुमारे २६,८०० डॉलरवरून १६,५०० डॉलरवर आला. ही रक्कम आपल्याला लागू नाही, हे उघड आहे. उपयोगी आहे ते त्यामागचं कारण: ताप चढल्यावर ज्या आईला मुलाची हकिकत पहिल्यापासून सांगावी लागत नाही, तिचं मूल अतिदक्षता विभागापर्यंत कमी वेळा पोहोचतं.

पण अमेरिकेतूनच विरुद्ध बाजूचाही पुरावा आला आहे. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात वारंवार रुग्णालयात येणाऱ्या प्रौढ रुग्णांसाठी परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते यांचं पथक नेमलं होतं, आणि त्याची ख्याती देशभर झाली होती. ८०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले, तेव्हा १८० दिवसांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण पथकाच्या गटात ६२.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ६१.७ टक्के निघालं, म्हणजे फरक शून्य. जोडणीचा आग्रह धरणाऱ्याने हा आकडा लपवू नये. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की कॅम्डेनचं पथक रुग्णाला दुसऱ्यांच्या सेवांपर्यंत नेऊन सोडत होतं आणि काही महिन्यांनी बाजूला होत होतं. ह्यूस्टनमध्ये उपचार करणारे आणि दुवा सांधणारे एकाच दवाखान्यात होते. दुसरी गोष्ट, मुलाची आणि खंगलेल्या प्रौढाची स्थिती वेगळी असते. वाढत्या वयात वेळेवर मिळालेल्या मदतीची फळं पुढे टिकतात. म्हणून केवळ ‘समन्वयक’ असं एक पद निर्माण करून, त्याच्या हाती रजिस्टर देऊन काही साधणार नाही. त्या व्यक्तीला तारीख मिळवण्याचा अधिकार हवा, ती उपचार देणाऱ्या चमूतलीच हवी आणि तिने मुलासोबत लांब पल्ला चालायला हवा.

यावर सर्वांत रास्त आक्षेप असा: मुळात थेरपिस्टच नाहीत, पदं रिकामी आहेत, मग कोणाला कोणाशी जोडायचं? आधी सेवा उभ्या करा. या म्हणण्यात तथ्य आहे आणि थेरपिस्टांची भरती टाळण्यासाठी समन्वयाची ढाल कोणी पुढे करू नये. पण तुटवडा असतो तिथेच नियोजनाची किंमत वाढते. वाचा-श्रवणतज्ज्ञ महिन्यातून एकदा येणार असेल, तर तो दिवस, फिजिओचा दिवस आणि दाखल्यासाठी तपासणीचा दिवस एकच असणं म्हणजे दूरच्या तालुक्यातल्या कुटुंबाची दोन खेपांची मजुरी वाचणं. तुटवडा आकड्यांत दिसतो तोही अशा कामामुळेच. आज आपण किती मुलं तपासली ते मोजतो. ज्यांना थेरपी सांगितली त्यांतल्या किती जणांना ती सहा महिने सलग मिळाली, हे मोजायला कोणी नेमलेलं असेल, तर रिकाम्या पदाचं नुकसान मुलांच्या संख्येत सांगता येईल. मागणीला तेव्हा वजन येतं.

मग हे काम आशाताईंना द्या, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. आशाताईंकडे आधीच इतकी कामं आहेत की आणखी एक यादी त्यांच्या हाती देणं क्रूरपणाचं आहे. तरीही गावातली, फार शिक्षण नसलेली बाई गुंतागुंतीचं आरोग्यकाम करू शकते, ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी नव्याने सांगायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्त्रियांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. ते यश नुसत्या कामवाटपाचं नव्हतं. कोणत्या बाळाला कोणत्या दिवशी पाहायचं हे ठरलेलं होतं, प्रशिक्षण खरं होतं, देखरेख सतत होती आणि कामाचा मोबदला होता. विशेष गरजांच्या मुलांसाठी याच धर्तीवर तालुक्याला एक प्रशिक्षित, पगारी कार्यकर्ती असावी आणि तिच्यामागे जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र उभं असावं. आशाताईंनी मूल दाखवून द्यावं, पुढचा भार या कार्यकर्तीने घ्यावा.

आता तंत्रज्ञानाचं. दिव्यांगांसाठी यूडीआयडी कार्ड आहे, आरोग्य नोंदींसाठी आभा क्रमांक आहे, शाळेचा आपला वेगळा क्रमांक आहे. हे सगळे एकमेकांशी बोलू लागले तर कागदांचं ओझं नक्की हलकं होईल आणि ऊसतोड कामगाराच्या मुलाचा औषधोपचार कारखान्याच्या गावातही दिसेल. तेवढ्यासाठी तरी हे व्हायलाच हवं. मात्र पडद्यावरची नोंद फिट्स वाढल्यात हे पाहून औषधाची मात्रा तपासायला कोणाला फोन करत नाही. शिक्षक ‘हे मूल आमच्याकडे नको’ म्हणाला, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे, हे त्याला संयमाने सांगणंही यंत्राला जमत नाही. नोंद हवी ती जबाबदार माणसाच्या हाती असावी म्हणून. त्या नोंदीवर मालकी कुटुंबाची असावी आणि ती कोणाला दाखवायची हेही त्यांनीच ठरवावं, कारण आजाराच्या नोंदीवरून मुलीचं लग्न आणि मुलाची नोकरी अडवणारा समाज अजून आपल्याभोवती आहे.

शेवटचा आक्षेप हळवा आहे, म्हणून अधिक अवघड. आईइतकं मुलाला कोण ओळखणार? मधे परकी व्यक्ती कशाला? मुलाला आईच अधिक ओळखते, यात वाद नाही. मूल आज नेहमीसारखं नाही, हे तिला रिपोर्टच्या आधी कळतं, आणि उपचारांचा क्रम ठरवताना तिचं म्हणणं पहिलं ऐकलं पाहिजे. परंतु तिच्या मायेवर सगळी व्यवस्था टेकवणं म्हणजे तिची नोकरी, तिची झोप, तिच्या दुसऱ्या मुलाचा अभ्यास हे सगळं बिनबोभाट खर्ची घालणं आहे. शिवाय ज्या आईला वाचता येत नाही, जिला घरातून एकटीने शहरात जाऊ दिलं जात नाही, जी स्वतः आजारी आहे, तिच्या मुलाचे उपचार तिच्या धडपडीवर का अवलंबून राहावेत? सुशिक्षित, बोलक्या, पैसे असलेल्या पालकांची मुलं आज पुढे जातात आणि इतर मागे राहतात. एकच आजार असलेल्या दोन मुलांत पडणारं हे अंतर नैसर्गिक नाही, ते आपण व्यवस्थेत ठेवलेलं आहे.

सर्वांत कमी बोललं जातं ते अठराव्या वर्षाबद्दल. बाल स्वास्थ्य कार्यक्रम तिथे संपतो, बालरोगतज्ज्ञ तर पुष्कळ आधीच सुटलेला असतो, शाळा संपते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेली व्यक्ती सज्ञान झाली की आईवडीलही कायद्याने आपोआप तिचे पालक राहत नाहीत. गरज असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळवावं लागतं. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना थेरपीचा आणि बाह्यरुग्ण उपचारांचाही खर्च देते, आणि तिची माहिती नसलेली कुटुंबं खासगी विमा कंपन्यांचे नकार गोळा करत बसतात. कोणता अर्ज कधी करायचा, बँकेत काय लागेल, मुलाची हकिकत मोठ्यांच्या डॉक्टरला कोण समजावून सांगणार आणि स्वतः त्या मुलाला किंवा मुलीला पुढे काय हवं आहे, ही बोलणी पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू व्हायला हवीत. त्या मुलाला अंगणवाडीत असल्यापासून पाहत आलेली कार्यकर्ती तोवर कामावर असेल, तर तिला ती घरच्यांसोबत बसून सहज सुरू करता येतील.